शिळेखालचा बाक

आमच्या चर्चमध्ये डाव्या भिंतीवर, उपदेशाच्या पुलपिटापासून चौथ्या बाकाच्या वर, एक संगमरवरी शिळा आहे. आमची मंडळी ज्यानं सुरू केली त्या गोऱ्या पाळकाची ती आठवण. वर इंग्रजी मजकूर, खाली मराठी. तो कुठल्याशा थंड मुलुखातून बोटीनं इथं आला, मराठी शिकला, शाळा काढली, बायको आणि दोन मुलं याच मातीत पुरली आणि शेवटी एका साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतःही गेला, एवढं तिच्यावर कोरलं आहे. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्याच्या हातचा, असं आमच्या घरात सांगतात. असेलही. मला त्या शिळेबद्दल जे ठाऊक होतं ते वेगळंच होतं, आणि ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती शिळा भिंतीवर मी बसवली होती, आणि चुकीची बसवली होती. तिच्या बरोबर खाली दर रविवारी माझी आई बसायची.

माझा धंदा मार्बल बसवायचा. बाबांकडून आलेला. परळच्या आमच्या चाळीत सगळा मजला गिरणीच्या भोंग्यावर उठायचा, तेव्हा बाबा छन्नी, हातोडा आणि ओळंबा पिशवीत टाकून दादरला नाहीतर माहीमला कुणाच्या तरी देवघराची लादी बसवायला निघायचे. कामात त्यांची एकच कटकट होती. दगडाला लोखंड लावायचं नाही. लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की दगडाला ढकलतं. दगडाला पितळच. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की चोविसाव्या वर्षी मला त्याचा वीट आला होता. त्या वयात मला बापाच्या बहुतेक गोष्टींचा वीट आला होता.

त्या वर्षी ओल आली म्हणून चर्चची डावी भिंत खरवडून नवी केली आणि त्यासाठी शिळा खाली उतरवली होती. ती परत चढवायचं काम बाबांकडे होतं, पण ते तापानं अंथरुणाला खिळले म्हणून माझ्याकडे आलं. पितळी क्लॅम्प भुलेश्वरच्या एका कारागिराकडे बनवायला टाकले होते. चार क्लॅम्प. दोन खाली, शिळेचं वजन पेलायला, आणि दोन वर, ती पुढे झुकू नये म्हणून. रविवारी बिशपसाहेब येणार होते आणि शनिवारी दुपारपर्यंत क्लॅम्पचा पत्ता नव्हता. बाबांनी निरोप पाठवला, की शिळा खालीच भिंतीला टेकवून ठेव, वर पांढरी चादर घाल, सोमवारी बसवू.

मला ते अजिबात पटलं नाही. बिशपसाहेबांसमोर, सगळ्या मंडळीसमोर शिळा जमिनीवर म्हणजे मिस्त्रीच्या पोराला काम जमलं नाही असाच अर्थ निघणार. शेजारच्या गल्लीत बांधकाम चाललं होतं. तिथून मी सळईचे चार तुकडे आणले, हवे तसे वाकवले, लवकर धरणाऱ्या सिमेंटात ठोकले आणि चार माणसं लावून, बांबूचा टेकू देऊन शिळा चढवली. रविवारी पहाटे टेकू काढला. शिळा हलली नाही. उपासनेनंतर लोकांनी माझी पाठ थोपटली. बाबा अंगात ताप असताना शाल पांघरून आले होते. ते शिळेसमोर थोडा वेळ उभे राहिले.

"क्लॅम्प आले?" त्यांनी विचारलं.

"आले," मी म्हणालो.

सोमवारी ते खरंच आले. मी ते गोणपाटात गुंडाळून घरच्या माळ्यावर पार मागे सरकवले. महिन्याभरात काहीतरी निमित्त काढून शिळा उतरवायची आणि गुपचूप बदलायचे, असं माझं मी ठरवून टाकलं होतं. पण ज्या शिळेचं एवढं कौतुक झालं ती उतरवायला निमित्त मिळेना. मग माझं लग्न झालं, कामं वाढली आणि मी स्वतःला सांगायला लागलो, की सिमेंटातल्या लोखंडाला काय होतंय. पुढे बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं अर्धं गेलं, आणि दोन वर्षांनी ते गेले. त्याला आता बारा वर्षं झाली.

बाबा धडधाकट होते तोवर ते आणि आई चर्चमध्ये शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसायचे. ते अंथरुणाला खिळल्यावर आई एकटी येऊ लागली आणि पहिल्याच रविवारी थेट चौथ्या बाकावर, भिंतीच्या टोकाला जाऊन बसली. तेव्हापासून तीच तिची जागा. डाव्या हाताला पिशवी, उजव्या हाताला छत्री. छत्री भर उन्हाळ्यातसुद्धा. तिथं दुसऱ्या कुणी बसलेलं तिला चालायचं नाही. एखादं पोर चुकून टेकलंच तर त्याचा दंड धरून पलीकडे सरकवायची. बायका गमतीनं म्हणायच्या, "आजींनी बाक नावावर करून घेतलाय." मला वाटायचं, बाबांनी घेतलेल्या कामाजवळ तिला बरं वाटत असेल. तसं वाटलं की माझं मलाच टोचायचं, कारण ते काम बाबांच्या रीतीनं झालंच नव्हतं.

यंदा चर्चशेजारची जुनी इमारत पाडून टॉवरचं काम सुरू झालं. जमिनीत खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन रविवारीही थांबायचं नाही. पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना पायाखालची फरशी घुमायची आणि प्रभुभोजनाचे पेले ताटात किणकिणायचे. लोक कुरकुरायचे, महानगरपालिकेला अर्ज करू म्हणायचे. मीही करवादलो होतो. मग एका रविवारी गीत म्हणायला उभा राहिलो आणि सहज त्या भिंतीकडे नजर गेली. शिळेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर एक तपकिरी ओघळ उतरला होता. बोटभर रुंद. तो गंज होता. आयुष्य दगड बसवण्यात घालवलेल्या माणसाला तो ओळखायला जवळ जावं लागत नाही.

तोंडातलं गीत तोंडातच राहिलं.

त्या दिवसापासून मी चर्चमध्ये डोळे मिटले नाहीत. सगळे माना खाली घालून प्रार्थना करत आणि मी दोन बाक मागून कधी शिळेकडे, कधी आईच्या पांढऱ्या केसांकडे बघत राही. मशीनचा दणका बसला की माझे गुडघे ताठ व्हायचे. शिळा पडायला लागली तर किती ढांगांत मी तिच्यापर्यंत पोचेन, हे मी दर रविवारी नव्यानं ठरवायचो. दोन बाक ओलांडायचे, म्हणजे नाहीच पोचणार. घरी जेवताना हातात घास धरून मी तसाच बसून राही. बायको म्हणायची, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. डॉक्टरला काय दाखवणार?

आईला तिथून उठवायचा प्रयत्न मी केला.

"आई, मागे पंख्याखाली बस ना. तिथं किती उकडतं."

"मला पंख्याचा वारा सोसत नाही."

"मग पुढे बस. नीट ऐकू येईल."

"पुढे बसायला मी काय मंडळीची एल्डर आहे?"

"बरं, मग मी तुझ्याजवळ बसतो. मला नीट लक्ष ठेवता येईल."

ती ताडकन वळली. "तू तुझ्या जागेवर बस," ती म्हणाली. असा आवाज मी तिचा फार वर्षांत ऐकला नव्हता. पुढच्या रविवारी मी न विचारताच तिच्या बाकावर गेलो, तर तिनं शेजारी आडवी ठेवलेली छत्री उचलली नाही. मंडळी बघायला लागली तसा मी गुपचूप उठून मागे आलो आणि मनातल्या मनात तिच्या हट्टीपणाला चार शिव्या घातल्या.

आमच्याकडे दरवर्षी त्या पाळकाचा स्मरणदिन असतो. त्या रविवारी शिळेला हार घालतात आणि संडेस्कूलची मुलं तिच्याखाली ओळीनं उभी राहून भजन म्हणतात. तबला असतो, झांजा असतात. सगळ्यात लहान मुलं भिंतीला लागून उभी करतात, म्हणजे भिंतीला टेकून सरळ उभी राहतात. मीही लहानपणी तिथं उभा राहिलोय. यंदाच्या स्मरणदिनाची घोषणा पाळकसाहेबांनी केली, मुलांनी शनिवारी सरावाला यावं म्हणून सांगितलं. आईची भीती मी आजवर कशीबशी एकट्यानं पोटात ठेवली होती. आता तिच्यात दुसऱ्यांची मुलं आली.

गुरुवारी दुपारी मी शिडी घेऊन चर्चमध्ये गेलो. स्मरणदिनाआधी शिळा पुसून देतो असं कारण सांगितलं. राखणदारानं दार उघडलं आणि तो चहाला गेला. मी शिडीवर चढून हातोड्याच्या दांड्यानं शिळेवर हलके ठोके मारत गेलो. दगड भिंतीला धरून असेल तर आवाज भरीव येतो. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पोकळ आवाज आला. वरच्या कडेला ओळंबा धरला. दोरा खालच्या कडेपासून दोन बोटं लांब राहिला. म्हणजे शिळा वरून दोन बोटं पुढे आली होती. मी खालच्या क्लॅम्पला नखानं खरवडलं तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. सुक्या भाकरीसारखे सुटले ते. मी कसाबसा खाली उतरलो.

मी जवळच्या बाकावर टेकलो. मग लक्षात आलं, ही आईची जागा. वर बघितलं तर शिळेची खालची कड डोक्यावर हातभर अंतरावर होती. बाहेर मशीनचा दणका बसला आणि माझ्या शर्टावर थोडी धूळ पडली. मी उठून चक्क पळालो, दारापर्यंत. तिथं पूर्ण दोन मिनिटंही माझ्यानं बसवलं नव्हतं, आणि आई इतकी वर्षं बसत होती.

तसाच पाळकसाहेबांच्या दारात गेलो. हे पाळक तरुण, गेल्याच वर्षी आलेले.

"शिळा उतरवावी लागेल," मी म्हटलं. "स्मरणदिनाच्या आधी."

"का हो काका? पायलिंगमुळे का?"

"आतले क्लॅम्प लोखंडी आहेत. गंजून गेलेत."

"लोखंडी?" त्यांना आमच्या धंद्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून ते घाबरले असावेत. "कुणी घातले?"

खरं बोलायला ती जागा चांगली होती. दुपारची वेळ, आम्ही दोघंच, समोर पाळक. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बाबांच्या वेळचं काम आहे ते. त्या काळी मिळेल ते वापरायचे."

पाळकसाहेबांनी मान हलवली. त्यांनी लगेच मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन एल्डरांना फोन केले, चौथ्या बाकाभोवती दोरी बांधून घेतली आणि शनिवारी सकाळी शिळा उतरवायचं ठरलं. मुलांचा सराव बाहेरच्या खोलीत हलवला. शिळा आता कुणावर पडणार नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, परळपर्यंत मी चालतच आलो.

शुक्रवारी सकाळी आई मोरीजवळ पाटावर बसून मांदेली साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाळकांचा फोन आला होता. रविवारी दुसरीकडे बसा म्हणाले."

"हो. शिळा उतरवतोय उद्या."

"तुझ्या बाबांनी आत लोखंड घातलं होतं म्हणे."

तिनं हातातली मासळी ताटलीत ठेवली, हात साबणानं दोनदा धुतले, पदराला पुसले आणि आत जाऊन चर्चला न्यायची पिशवी घेऊन आली. बायबल काढलं, गीतांचं पुस्तक काढलं, चष्म्याचं घर काढलं. मग तळातून बाबांचा एक जुना रुमाल काढून माझ्यासमोर टेबलावर उघडला. आत चार पितळी क्लॅम्प होते. त्यांना कुणीतरी पुसत आलं होतं, कारण ते चकाकत होते.

"हे कोणाचे?" तिनं विचारलं.

मी एक उचलून पाहिला. भुलेश्वरहून आलेले तेच.

"तू ठेवलेस त्याच्या पुढच्या वर्षी सापडले त्यांना," ती म्हणाली. "नाताळाला माळा आवरताना. घेऊन बसले होते कितीतरी वेळ. मला म्हणाले, पोरानं सळई घातलीय. मी म्हटलं, विचारा त्याला. नाही म्हणाले. तो सांगेल. वाट बघत राहिले रे ते. मग कमिटीकडे गेले, शिळा एकदा उघडू द्या म्हणून. कमिटी म्हणाली, नुकती बसवलीय, कशाला हात लावता. का उघडायची ते सांगितलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. नाही घेतलं त्यांनी. पुढच्या रंगाच्या वेळी करू म्हणाले. तो रंग वर्षानुवर्षं पुढे ढकलला, आणि तेवढ्यात हातच गेला त्यांचा."

"मला का नाही बोललीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि मलाही वाटायचं तू सांगशील. दर रविवारी वाटायचं." ती खाली बसली. "आधीच्या दोन पाळकांना म्हटलं मी, ती शिळा एकदा बघून घ्या. म्हातारीला काय कळतंय म्हणून हसले. मग काय करणार? लोक बसायचे तिथं. पोरं बसायची. म्हटलं, पडलीच तर आपल्या माणसावर पडू दे. दुसऱ्याच्या लेकरावर नको."

मला तिची छत्री आठवली, पिशवी आठवली, आणि तो चिरका आवाज, तू तुझ्या जागेवर बस. दर रविवारी घरून निघताना ती कपाट नीट बंद करून किल्ली माझ्या बायकोच्या हातात द्यायची. म्हातारपणाची सवय म्हणून आम्ही हसायचो. दोन मिनिटांत मी जिथून पळालो तिथं ती बारा-चौदा वर्षं, सगळं कळत असताना, माझ्यापायी बसली होती. मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही.

"लोखंड घातलंस त्याचं मला एवढं नाही," ती म्हणाली. "पोरवय होतं. पण काल तू ते त्यांच्यावर घातलंस."

शनिवारी आम्ही पाच जणांनी शिळा उतरवली. खालचा एक क्लॅम्प आधीच तुटलेला होता. दुसरा क्लॅम्प, आम्ही दोर आवळताच, माझ्या डोळ्यांदेखत तुटला. शिळेच्या पाठीला एक चीर गेली होती, पण शिळा शाबूत होती. ती आम्ही भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली आणि वर पांढरी चादर घातली. बाबांनी सांगितलं होतं अगदी तसं.

रविवारी सूचनांच्या वेळी मी उभा राहिलो. पुढच्या बाकाची पाठ धरली. लोखंड मी घातलं, बाबांना खोटं बोललो, पाळकसाहेबांनाही खोटं बोललो, आणि माझ्या बाबांनी आयुष्यात कधी दगडाला लोखंड लावलं नाही, एवढंच मी सांगितलं. बाहेर मशीन चालू होतं. एका एल्डरनं, ज्यांच्या घरात मी लादी बसवली आहे, माझ्याकडून नजर काढून घेतली, आणि त्यानंतर आजतागायत त्यांनी मला कामाला बोलावलेलं नाही. मुलांनी चादरीभोवती बसून भजन म्हटलं.

चीर भरून घ्यायला वेळ गेला. मग एका सोमवारी मी ती शिळा त्या चार पितळी क्लॅम्पवर चढवली. सगळं दोनदा तपासलं, ओळंबा तीनदा लावला. पुढच्या रविवारी आई आली आणि शिळेसमोर उभी राहिली.

"क्लॅम्प घातलेस?"

"घातले."

तिनं माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, ती आता शिळेवर ठोकून बघणार. तेवढ्यात संडेस्कूलची एक सहा-सात वर्षांची पोर धावत आत आली. आईनं तिचा दंड धरला. तिला चौथ्या बाकावर, भिंतीच्या टोकाला नेलं, "इथं बस हं," म्हणाली, आणि स्वतः मागे जाऊन पंख्याखाली बसली.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी त्या पोरीच्या डोक्यावरची शिळा बघत होतो.